शुभे, पोरांना घेऊन बाहेर पड, पण सहल म्हणून नको

प्रिय शुभे,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकून आधी हसतच बसले. शाळेनं पहिली-दुसरीच्या पोरांना ऑक्टोबरभर 'ऑटम अ‍ॅक्टिव्हिटी' करून घ्या म्हणून सांगितलं आणि सोबत वर्कशीट काय दिलं, तर मेपलची पानं लाल-पिवळी रंगवा! ठाण्यात! अगं, आपल्याकडे आत्ता झाडं पावसाचं पाणी पिऊन हिरवीगार झालेली असतात, पानगळ यायची ती शिमग्याच्या आसपास. पोरगं खिडकीतून बाहेर बघणार, मग कागदाकडे बघणार आणि गुपचूप लाल खडू उचलणार, म्हणजे शाळेतलं वेगळं आणि खरं वेगळं हे पहिलीतच पक्कं. असो. त्यांचं नाव काढत नाही, तुझी नोकरी आहे तिथं.

तू विचारलंस की तुमच्याकडे तर काय शाळेसमोरच शेत, तर बाहेर नेऊन नक्की करता काय. पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आमच्या इकडे सध्या भात कापणीला आलंय, मुख्यतः इंद्रायणी. खाचरं शाळेच्या कंपाउंडला लागूनच, त्यामुळं मालकाला विचारून पोरांना बांधावरनं नेते आणि जोडीजोडीला एकेक लोंबी देते. विळा कुणाच्या हातात नाही, कापायचं ते मोठी माणसं. पोरांनी फक्त लोंबीतले दाणे काढून मोजायचे. ऐकायला सोपं वाटतं ना? दुसरीचे आकडे आत्ता शंभरापर्यंतच झालेत, आणि चांगल्या लोंबीत दाणे शंभराच्या वर सहज जातात, मग दहा-दहाचे ढीग करत करत पोरं दहाव्या ढिगाशी येतात आणि खाली अजून दाणे उरलेलेच. "बाई, आता पुढं काय म्हणायचं?" हा प्रश्न पोरानं स्वतः विचारला की एकशे एक शिकवायला पाच मिनिटं पुरतात, फळ्यावर त्यालाच आठवडा जातो.

खरी मजा तर वेगळीच झाली. एका जोडीत भांडण लागलं. एक म्हणतोय एकशे बारा, दुसरी म्हणतेय छे, शंभरपण नाहीत. बघते तर ती प्रत्येक दाणा नखानं दाबून बघतेय आणि पोचट असला की बाजूला फेकतेय. मी म्हटलं असं का गं, तर म्हणते, "त्यात तांदूळच न्हाई, मग तो कशाला मोजायचा?" आणि तो पोरगा म्हणतो, पण दाणा तर आहे ना! वर्गात तोंड न उघडणारी पोरगी आहे ही, आणि तिनं एका वाक्यात सगळ्या वर्गाला कामाला लावलं. मग आम्ही दोन ढीग केले, भरलेले आणि पोचट, वजाबाकी आपोआप आली, आणि दोघंही बरोबर ठरले. पोचट दाणे का पडले यावर तर प्रत्येकाच्या घरचं उत्तर तयार होतं, कुणी म्हणे फुलोऱ्यात पाऊस झाला, कुणी म्हणे किडीनं खाल्लं. मला यातलं निम्मं माहीत नव्हतं बरं का. माझं मत आता असंच झालंय की माहिती पोरांकडे भरपूर असते, ती आकड्यात आणि अक्षरात उतरवायची कशी एवढंच आपल्याकडे असतं, आणि बाहेर गेल्यावर तेवढंच करायचं. आपण तिथंही लेक्चर सुरू केलं तर वर्ग काय वाईट होता!

दुसरं एक सांगते, हे तू ठाण्यातसुद्धा करू शकतेस, कुठल्या मोकळ्या प्लॉटवर कुसळी गवत वाळलेलं मिळालं तर. सॉक्समध्ये घुसून टोचतं ते कुसळ गं. त्याची लांब शेपटी पिळलेल्या दोरीसारखी असते. एक कुसळ वाळक्या फरशीवर ठेव आणि शेपटीवर पाण्याचा थेंब सोड. पिळ सुटायला लागतो आणि कुसळ हळूहळू गोल फिरायला लागतं, जिवंत असल्यागत! वाळलं की परत पिळ बसतो. ओल आली की सुटणं, ऊन पडलं की आवळणं, असं करत करत ते बी स्वतःला जमिनीत रुतवून घेतं. पोरं अक्षरशः पोटावर झोपून बघतात. मग तेरडा, पिकलेली शेंग नुसती चिमटीत धरली की फाटकन फुटून बिया उडतात, आणि आघाडा, जो फ्रॉकला चिकटून घरापर्यंत येतो. तीन बिया, तीन तऱ्हा, आणि वहीत पोरं स्वतःच लिहितात की उडते, चिकटते, रुतते. लहान शब्द आधी, हे आपल्याला डीएडला शिकवलेलं, पण चार अक्षरांचं 'चिकटते' लिहायला कुणी कुरकुरत नाही, कारण सॉक्सला चिकटलेलं असतंच.

यात नवीन असं काही नाही म्हणा. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ पासून बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर हेच तर करत होत्या. गुरं राखायला जाणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. पानं, खडे, शिंपले हेच सामान. आत्ता आपल्याला पिटारा म्हणजे ती सरकारी खेळण्यांची पेटी, किट, सगळं मिळतं, वाईट नाही ते, पण अश्विनात बाहेर जेवढं फुकट पडलेलं असतं तेवढं कुठल्या पेटीत बसत नाही.

अडचणी पण सांगते, नाहीतर म्हणशील बाई नुसती गोडगोड लिहिते. पहिली म्हणजे पालक. एक आजोबा शाळेत येऊन बोलून गेले, शेतातलं आमी शिकवू, तुमी एबीसीडी शिकवा. आणि मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी जन्मभर चिखल तुडवला, नातवानं शाळेत जाऊन परत चिखलातच जायचं हे त्यांना पटणारच नाही. मी त्यांना नातवाची वही दाखवली, त्यांनी पानं उलटली, हं म्हणाले आणि गेले. पटलं की नाही कोण जाणे. पण तेव्हापासून बाहेरून आल्यावर वहीत लिहून झाल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही, तेवढं एक झालं. दुसरं म्हणजे वेळ. अकरा वाजले की ऑक्टोबरचं ऊन डोकं फोडतं, त्यामुळं जायचं ते सकाळी, दव असताना, कोळ्याची जाळी पण तेव्हाच दिसतात. खाचरात उतरवत नाही, बांधावर पण काठी आपटत पुढं मी, कारण कापणीत उंदरांमागनं साप येतात. आणि खाजकुयलीची शेंग पोरांना आधी लांबून दाखवून ठेवते, तिला हात लागला तर दिवस संपलाच समज.

आता तुझं. तुझ्याकडे फरशीचं ग्राउंड आहे ना, झेंड्याचा खांब आहे ना, झालं तर मग. दुपारी साडेबाराच्या सुमारास त्याच्या सावलीच्या टोकाला खडूनं खूण कर आणि तारीख लिही. आपल्या इकडे २२-२३ सप्टेंबरला ती सावली खांबाच्या उंचीच्या साधारण एक तृतीयांश असते आणि डिसेंबरच्या २१-२२ तारखेला जवळजवळ खांबाएवढी होते. दर आठवड्याला एक खूण, बास. पहिलीच्या पोरांना टेप देऊ नको, पावलांनी मोजू दे, कुणाची आठ भरतील कुणाची दहा, मग भांडतील की सावली एकच तर आकडे वेगळे कसे, आणि तिथं तू पट्टी काढ.

दसऱ्याला बाजारातनं आपट्याची पानं आण. आपट्याच्या नावाखाली बऱ्याचदा कांचन विकतात ते तुला माहितीये, तर दोन्ही मिळव. कांचनाचं पान मोठं, आपट्याचं लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. मधून दुमडलं की दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात, सममिती शिकवायला यापेक्षा काय पाहिजे. तोरणातला झेंडू फेकू नको, वाळव, आणि पोरांना एकेक फूल उसकटू दे, ज्याला ती पाकळी म्हणतील ते प्रत्येक एक छोटं फूलच असतं आणि त्याखाली काळी लांबट बी. कुंडीत पेरायची.

भोंडला तर घेच, तुमच्या इंग्लिश मीडियमला 'कल्चरल' म्हणून चालून जाईल. आमच्याकडे पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं नवव्या दिवशी नऊ. रोज तेवढे खडे एका रांगेत, आदल्या दिवसाच्या रांगेशेजारी लावायला सांगते, जिना तयार होतो, आणि नऊ दिवसांचे मिळून ४५ हे दुसरीची पोरं खड्यांवरच काढतात. खिरापत ओळखायचा खेळ तर भाषेचा तास म्हणून लावून टाक, गोड का तिखट, ओली का कोरडी, चावायची का चाटायची. जी पोरं उत्तर द्यायला लाजतात ती प्रश्न विचारायला नाही लाजत.

किल्ला मात्र सुट्टी लागायच्या आत शाळेतच करून घे, ते प्लास्टरचे रेडिमेड किल्ले बघितले की माझं डोकं उठतं. थोडी लाल आणि थोडी काळी माती मागव, काळी वाळताना भेगाळते, हे पोरांना दोन दिवसांत कळतं. वरनं तांब्याभर पाणी ओतून ते कुठनं वाहतं ते बघायचं आणि मगच ठरवायचं की बुरूज कुठं, तळं कुठं. हळीव पेरायचे ते आठवड्याभर आधी, नाहीतर किल्ला टकला राहतो.

आणि वरच्या लोकांना फोटो लागणारच, ते पहिल्या पाच मिनिटांत काढून मोकळी हो आणि फोन पर्समध्ये टाक. आमच्याकडेही फोटो अपलोड करा, लिंक भरा चालूच असतं, संकलित मूल्यमापनाचे पेपर परत डोक्यावर आहेत ते वेगळंच. एका दिवशी एकच गोष्ट कर, सगळं एकदम करायला जाऊ नको, चाळीस पोरं आहेत तुझ्याकडे, माझ्याकडे अठराच.

दिवाळीत इकडे येणार असशील तर वेळेवर कळव, नवे तांदूळ भरडून ठेवते. येताना त्या मेपलच्या वर्कशीटचा गठ्ठा आण, मागची बाजू कोरी असेल ना, आम्हाला कागद कमीच पडतात.

तुझी,
मंदा