सांग्रोच्या दगडावरचा खानापूरचा शिपाई: बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, बेळगाव जिल्हा, यांस,
सप्रेम नमस्कार.

उताऱ्यासाठी आपल्याकडे रोज अर्ज येतात. माझाही उताऱ्याचाच आहे. फक्त ज्याच्यासाठी तो हवा आहे, तो शिपाई इटलीत मेला त्याला ऐंशी वर्षं उलटून गेली.

इटलीच्या पूर्व किनाऱ्याजवळ सांग्रो नदीकाठी दुसऱ्या महायुद्धातली मोठी दफनभूमी आहे. ज्यांचं दहन झालं अशा पाचशेहून अधिक हिंदी जवानांची नावं तिथल्या स्मारकावर कोरली आहेत. नोव्हेंबर १९४३ मध्ये आठव्या हिंदी डिव्हिजननं सांग्रो ओलांडली, तीत मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली, म्हणजे जंगी पलटण होती. खानापूर तालुक्यातला एक शिपाई त्या दगडावर आहे. त्याचं नाव इथं देत नाही, घरच्यांना ते नको आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदीत त्याचा नंबर, पलटण, तारीख, वडिलांचं आणि बायकोचं नाव, गाव एवढं मिळतं. तेही गाव इंग्रजीत असं लिहिलंय की तालुका वाचला नसता तर ओळखलंच नसतं.

मरणाचा तपशील असा एका ओळीत सापडला. जगण्याचा आपल्या ताब्यातल्या दफ्तरात आहे, म्हणून हे पत्र.

गावात विचारलं तर “जर्मन लढाईत गेला, आला न्हाई” यापुढं गाडी जात नाही. तो जर्मनीत मेला असंच घरात सगळे धरून चालले होते. नव्वदीतल्या एका आजींना मनिऑर्डर आठवते. आणि मागाहून आलेली पेन्शन कुणाच्या हाती पडायची, यावरून सासरा आणि सुनेत झालेलं भांडण तर अख्ख्या भावकीला तोंडपाठ आहे! त्या भांडणाचा निकाल काय लागला, हे मात्र कुणी सांगत नाही. तो फेरफारात असणार. वारस म्हणून विधवेचं नाव लागलं, की लहान पोराला वारस करून अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून चुलता उभा राहिला? फेरफाराची, म्हणजे नमुना ६ ची, वही उघडली तर दोन मिनिटांत कळेल. त्याच्या जन्माची नोंद नमुना १४ मध्ये, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत, मिळावी.

वही मागायला गेलो त्या कचेरीत कारकुनानं ती काढून दाखवली, हे त्याचे उपकार. पण जुनी पानं मोडीत. कन्नड शिकलेल्या त्या पोरानं ती कशी वाचावी? आणि नक्कल द्यायची तर काय लिहिलंय ते आधी कळायला हवं, असं वरून उत्तर आलं.

त्यात शिपायाच्या बायकोचं माहेर चंदगड तालुक्यातलं, आणि ती पुढं माहेरीच राहिली. १९५६ पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं, मग ते कोल्हापुरात गेलं आणि बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात. नवऱ्याचे कागद आता एका राज्यात, विधवेचे दुसऱ्या. रायबाग तर तेव्हा कोल्हापूर संस्थानात आणि शहापूर सांगलीकरांचं. तिथल्या शिपायांचा माग काढणाऱ्यांना संस्थानी दफ्तरंच धुंडाळावी लागणार. सीमेचा वाद कोर्टात चालायचा तेवढा चालो, या वह्यांना त्यात ओढायचं कारण नाही.

महाराष्ट्रात २०२३ साली कुणबी नोंदींसाठी अशाच जन्म-मृत्यूच्या वह्या बाहेर काढल्या, स्कॅन केल्या, मोडी वाचणारे कामाला लावले. निमित्त आरक्षणाचं होतं, असू दे, काम झालं. पहिल्या महायुद्धातल्या पंजाबच्या सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या गाववार नोंदी लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या, त्या २०२१ पासून कुणालाही घरबसल्या पाहता येऊ लागल्या. १९२२ पासून मराठा रेजिमेंटचं केंद्र ज्या बेळगावात आहे, तिथं हे का होऊ नये?

खानापूर, बेळगाव, चिक्कोडी, निपाणी या तालुक्यांतल्या १९५६ पूर्वीच्या नमुना ६ आणि १४ च्या वह्या स्कॅन करून घ्याव्यात. मोडी वाचणाऱ्यांना मानधन ठरवून द्यावं. चंदगडच्या नोंदींसाठी कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना आपल्या सहीचं एक पत्र जावं, आमच्या अर्जांपेक्षा ते लवकर पोचेल. खानापुरातल्या कोणत्या गावांच्या वह्यांचे कागद सगळ्यांत ठिसूळ झालेत, त्याची यादी सोबत जोडली आहे. सुरुवात तिथून करावी.

कळावे,
आपला,
खानापूर तालुक्यातला एक रहिवासी