कात्रण नको, अख्खे पान छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरच्या वृत्तपत्रांवरचा लेख वाचला. मेहनत दिसते, पण सोबतची कात्रणे झाडून सगळी युद्धाची. ती पाहून कोणालाही वाटेल की, जुलै १९१४ मध्ये युरोपातला माणूस उठल्यापासून झोपेपर्यंत ऑस्ट्रिया-सर्बियाचेच बोलत होता.

त्या महिन्यात पॅरिस बोलत होते कायो खटल्याबद्दल. माजी पंतप्रधान जोसेफ कायो यांची खासगी पत्रे ‘फिगारो’ हे दैनिक छापू लागले, म्हणून त्यांच्या पत्नी आँरिएत १६ मार्चला थेट संपादक कालमेत यांच्या कचेरीत गेल्या आणि हात उबदार ठेवायच्या केसाळ मफमधून पिस्तूल काढून त्यांनी गोळ्या झाडल्या. (संपादकांनी कोणाची पत्रे छापावीत, हा प्रश्न तेव्हाही नाजूकच होता.) खटला २० जुलैला उभा राहिला. साक्षी, उलटतपासण्या, जुनी प्रेमपत्रे, मंत्र्यांची भांडणे असा मालमसाला वाचकांना रोज मिळत होता. ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला २३ तारखेला, म्हणजे खटला ऐन रंगात असताना.

लंडनचे दुखणे वेगळे होते. तिथे ‘युद्ध’ म्हटले की आयर्लंडमधली यादवी डोळ्यांसमोर यायची. राजे पंचम जॉर्ज यांनी बकिंगहॅम राजवाड्यात सर्व पक्षांची बैठक बोलावली. आयर्लंडला स्वराज्य दिले तर उत्तरेतले फर्मानाह आणि टिरोन हे दोन परगणे त्यात घालायचे की वगळायचे, यावर चार दिवस घोळ घालून ती २४ जुलैला फिसकटली. हॉरेशियो बॉटमलींच्या ‘जॉन बुल’ या तडाखेबंद खपाच्या साप्ताहिकाने तर ‘सर्बिया गेला खड्ड्यात’ असा मथळा दिला. इंग्लंड युद्धात उतरताच हेच बॉटमली असे काही रणशिंग फुंकू लागले की बोलायची सोय नाही! वारे फिरल्याची खूण पैशाच्या बाजारात दिसते. ३१ जुलैला लंडनचा शेअरबाजार बंद झाला आणि ३० जुलै ते १ ऑगस्ट या तीन दिवसांत बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर ३ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेला.

आपल्याकडे जूनच्या मध्यावर टिळक मंडालेहून सुटून पुण्यात आले होते. ऑस्ट्रियाच्या युवराजाचा सारायेव्होतला खून, ज्यावरून पुढे युद्ध पेटले, तो त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतला. पुण्यात पुढचे काही दिवस कशाची चर्चा झाली असेल, हे वेगळे सांगायला नको. तिकडे ‘कोमागाता मारू’ या जहाजावरच्या आपल्या माणसांना व्हँकुव्हरहून परत हाकलले गेले तेही २३ जुलैलाच. हिंदुस्थानातल्या वाचकाला व्हिएन्नाच्या खलित्यापेक्षा ती बातमी जास्त झोंबणारी होती आणि त्यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही.

आपले लेखक मात्र त्या काळच्या वाचकांना ‘गाफील’ म्हणतात. पुढे काय झाले ते ठाऊक असलेल्याने असा शेरा मारणे सोपे आहे. राजकन्येसारखी बडदास्त ठेवलेल्या कायोबाई सुटतात की नाही, घरभाडे किती वाढले, आयर्लंडमध्ये गोळीबार होतो की काय, हेही त्या लोकांचे खरेच प्रश्न होते.

म्हणून एक सूचना करतो. आपण अग्रलेखांचे संग्रह काढतो, कात्रणे जपतो आणि बाकीचे पान रद्दीत जाते. ग्रंथालयांनी कित्येक मासिके बांधून घेताना मुखपृष्ठे आणि जाहिराती काढूनच टाकल्या. बाजारभाव, औषधांच्या जाहिराती, नाटकांचे खेळ, वाचकांची एकमेकांत जुंपलेली भांडणे यांतून कळणारा काळ अग्रलेखात सापडत नाही. दर महिन्याला एका जुन्या अंकाचे अख्खे पान, काहीही न गाळता, वाचता येईल एवढ्या आकारात छापावे.

सुरुवात पॅरिसच्या एखाद्या दैनिकाच्या २९ जुलै १९१४ च्या अंकापासून करता येईल. आदल्या दिवशी ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले होते आणि त्याच दिवशी संध्याकाळी आँरिएत कायो निर्दोष सुटल्या होत्या. कोणत्या बातमीला किती रकाने मिळाले, ते वाचकांनाच मोजू द्या.

आपला,
एक वाचक, सातारा