अ‍ॅडम्स यांची वकिली विसरू नये

अमेरिकेच्या सुरुवातीच्या अध्यक्षांवरील रविवार पुरवणीतील लेख वाचला. जॉन अ‍ॅडम्स यांचा परिचय त्यात थेट १७९७ पासून, म्हणजे अध्यक्षपदापासून सुरू होतो. त्यांच्या वकिलीला एक ओळही मिळालेली नाही. हे खटकले, कारण त्यांची खरी कसोटी न्यायालयातच लागली होती.

५ मार्च १७७० रोजी बॉस्टनमध्ये ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळीबार केला. त्यात पाच जणांचा बळी गेला. शहर संतापलेले असताना त्या सैनिकांचे वकीलपत्र ३४ वर्षांच्या अ‍ॅडम्स यांनी घेतले. ते स्वतः ब्रिटिशांनी लादलेल्या करांचे विरोधक होते, हे विशेष. त्या सैनिकांचे अधिकारी कॅप्टन प्रेस्टन निर्दोष सुटले. आठ सैनिकांपैकी सहा जण सुटले. दोघे खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरले आणि अंगठ्यावर डाग देऊन त्यांना सोडण्यात आले.

लोकांनी अ‍ॅडम्स यांना कायमचे दूर लोटले, असेही नाही. खटला उभा राहण्याआधीच, त्याच वर्षी जूनमध्ये बॉस्टनने त्यांना प्रांतिक विधिमंडळावर निवडून दिले. पुढे तीन वर्षांनी, गोळीबाराच्याच तारखेला, त्यांनी रोजनिशीत या बचावाची नोंद आपल्या हातून घडलेल्या सर्वोत्तम देशसेवांपैकी एक अशी केली आहे.

– एक वकील वाचक, सातारा