ताडपत्रीखालच्या बसलाही दिवाळीच्या शुभेच्छा हव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा होऊन दिवाळी तोंडावर आली की जुन्या बसगाड्यांत फिरते घर उभारणाऱ्या आम्हा हौशी मंडळींमध्येही शुभेच्छांची देवाणघेवाण सुरू होते. झेंडूची माळ घातलेल्या, धुऊन-पुसून लख्ख केलेल्या बसचे छायाचित्र, त्याखाली ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा, प्रवास सुखाचा होवो’ एवढा मजकूर आणि त्यावर इतरांनी हात जोडून दिलेली उत्तरे, असा हा दरवर्षीचा रिवाज आहे. त्यात वावगे काही नाही. मात्र या शुभेच्छा बहुतेक वेळा ज्याची गाडी पूर्ण होऊन रस्त्यावर आली आहे त्याच्याच वाट्याला येतात. ज्याची बस घरामागच्या शेडमध्ये किंवा उसाच्या बांधालगत ताडपत्रीखाली अर्धवट उभी आहे, तो माणूस सणासुदीला गप्प राहणेच पसंत करतो, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील आमच्या छंदबांधवांनी यंदा या अर्धवट गाड्यांच्या मालकांकडे प्रत्यक्ष जावे, फराळ तिथेच करावा आणि जाताना हाताशी असलेली अवजारे बरोबर न्यावीत, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हा छंद ज्यांना परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. शाळेची, कंपनीची किंवा खासगी प्रवासी वाहतुकीची जुनी बस विकत घ्यायची, तिची बाके काढायची, तळाचा गंजका पत्रा उचकटून खालचे चॅनेल खरवडायचे, रंगवायचे, मग उष्णतारोधक थर, प्लाय, वायरिंग, पाण्याची टाकी, ओटा, झोपण्याची जागा असे एकेक काम करत जायचे, हा त्याचा क्रम. यातले बरेचसे काम माणूस एकट्याने, नोकरी किंवा शेती सांभाळून, सुटीच्या दिवशी करतो. सुरुवातीला उत्साह असतो, घरचेही कौतुक करतात. बाके निघेपर्यंत सगळे झटपट होते. त्यानंतर गंज अपेक्षेपेक्षा खोल गेलेला निघतो, लेकीचे लग्न किंवा घराचे काम मध्ये येते, वेल्डर दिलेल्या तारखेला येत नाही, आणि गाडी जिथल्या तिथे थांबते. थांबलेल्या गाडीविषयी शेजारी-पाजारी विचारतात तेव्हा मालकाला उत्तर देणे जड जाते, आणि हळूहळू तो आपल्याच छंदाच्या मंडळींपासूनही दूर होतो. अशा माणसाला ‘प्रवास सुखाचा होवो’ हा संदेश पाठवून आपण त्याचे काही हलके करत नाही.

प्रत्यक्ष गेल्यावर करण्यासारखे पुष्कळ असते. उभ्या गाडीचे नुकसान चालत्या गाडीपेक्षा वेगळ्या प्रकारचे आणि न दिसणारे असते. एअर ब्रेकच्या गाडीतील हवा उतरली की मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात, आणि अशा अवस्थेत दोन पावसाळे गेले तर लायनर ड्रमला चिकटून बसतात. मग पुढे गाडी हलवायची म्हटले की चाके फिरत नाहीत. म्हणून इंजिन सुरू होत असेल तर अधूनमधून सुरू करून हवा भरू द्यावी, हवेच्या टाक्यांखालच्या तोट्या उघडून साचलेले पाणी काढावे आणि गाडी दोन हात पुढे-मागे घ्यावी. हे काम एकट्याला होत नाही. एकाने चाकाला गोटा किंवा ठोकळा लावायचा, दुसऱ्याने गाडीत बसायचे, तिसऱ्याने मागे उभे राहून बघायचे, असे तिघे लागतात, आणि दिवाळीच्या सुटीत तिघे जमणे मुळीच कठीण नाही. टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे गुडघे टेकून वाचावेत. ‘३२१६’ असे दिसले तर तो टायर २०१६ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे आणि नक्षी कितीही खोल शिल्लक दिसली तरी त्याच्या बाजूला बारीक चिरा पडल्या आहेत का, हे पाहिल्याखेरीज त्या टायरवर खंबाटकी किंवा पसरणीचा घाट उतरण्याचा विचार करू नये. उसाच्या कडेला उभ्या असलेल्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, तेही डॅशबोर्डखाली टॉर्च मारून पाहावे.

छताची गोष्ट तर आपल्या दोन जिल्ह्यांत विशेष लक्ष देण्याची आहे. जतच्या किंवा आटपाडीच्या कोरड्या शिवारात काम चाललेली बस आपल्याला ठणठणीत वाटते, कारण तिथे पावसाने तिची परीक्षाच घेतलेली नसते. तीच बस वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरला नेली की छताच्या पत्र्यांचे सांधे आणि रिव्हेटची सैल झालेली भोके पहिल्याच रात्री बोलू लागतात, आणि तोवर आतून प्लाय ठोकलेला असल्याने पाणी नेमके कुठून येते हे सापडत नाही. आतला प्लाय बसवण्यापूर्वी एकाने छतावर चढून पाइपने सांध्यासांध्यावर पाणी सोडावे आणि दुसऱ्याने आत उभे राहून खडूने खुणा कराव्यात. दोन तासांचे हे काम पुढची मोठी तोडफोड वाचवते, आणि तेही पाहुण्यांच्या मदतीनेच होण्यासारखे आहे.

विजेच्या कामाबद्दल मला अधिक काळजी वाटते. मोठ्या बसची यंत्रणा २४ व्होल्टची असते आणि त्यासाठी १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडलेल्या असतात. पंखा, दिवे, मोबाइल चार्जर १२ व्होल्टवर चालतात म्हणून अनेक जण त्या दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर ओढतात. दिवे लागतात, काम झाले असे वाटते, पण त्यामुळे एक बॅटरी सतत अर्धी रिकामी राहते, दुसरीला गरजेपेक्षा जास्त चार्जिंग मिळते आणि थोड्याच काळात दोन्ही बॅटऱ्या निकामी होतात. घरातल्या वापरासाठी स्वतंत्र बॅटरी किंवा २४ वरून १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर हाच योग्य मार्ग आहे, आणि बॅटरीच्या धन टोकापासून अगदी जवळ फ्यूज असलाच पाहिजे, म्हणजे वायर कुठे घासून पत्र्याला टेकली तरी आग लागण्याआधी फ्यूज उडेल. आपल्यातल्या जाणत्या वायरमन मित्राने भाऊबिजेच्या सुटीत एखाद्याची एवढी जोडणी तपासून दिली तर त्याच्याइतकी मोलाची भेट दुसरी नाही.

सणाचा विषय निघाला आहे म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. लक्ष्मीपूजनाला बसमध्ये पणत्या लावून छायाचित्रे काढण्याची हौस अलीकडे वाढली आहे. प्लाय, फोमच्या गाद्या, पडदे आणि बंद खिडक्या असलेल्या जागेत उघडी ज्योत ठेवू नये. पणत्या गाडीबाहेर, वाऱ्याच्या आडोशाला लावाव्यात. गाडीत स्वयंपाकाचा सिलिंडर असेल तर एलपीजी हवेपेक्षा जड असतो हे लक्षात घेऊन त्याच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे छिद्र ठेवावे, कारण गळलेला गॅस खाली साचतो आणि वरची खिडकी उघडी ठेवून तो जात नाही. थंडीत दारे-खिडक्या लावून शेगडी पेटती ठेवणे तितकेच घातक आहे, कारण त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. संकटकाळी बाहेर पडण्याच्या दारासमोर पलंग किंवा कपाट बसवलेले दिसले तर पाहुण्याने संकोच न करता मालकाला सांगावे. लेकरे झोपणार असतात त्या जागेबद्दल भीड धरून चालत नाही.

आता ज्यांच्याकडून हे सारे शिकता येते त्यांच्याविषयी. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि तेव्हापासून या महामंडळाने दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांतून बसची बॉडी बांधणाऱ्या, आणि गावोगावच्या आगारांतून तिची निगा राखणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या घडवल्या. २०२० मध्ये महामंडळाने मालवाहतूक सुरू केली तेव्हा जुन्या प्रवासी गाड्यांचे मालवाहू गाड्यांत रूपांतर याच लोकांच्या हातून झाले. सांगली, मिरज, विटा, तासगाव, कराड, वाई या परिसरात असे निवृत्त फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन आज घरी बसून आहेत. इंजिनाच्या आवाजावरून नोझल बिघडले की पंप, हे सांगणारी ही माणसे आहेत. खंडेनवमीला ज्यांनी आयुष्यभर आगारात पाने-पकडींची पूजा केली, त्यांच्याकडे आपट्याचे पान घेऊन आपल्यापैकी किती जण गेले, याचा प्रत्येकाने स्वतःशी विचार करावा. दसऱ्याला राहून गेले असेल तर पाडव्याला जावे, आणि जमल्यास त्यांना सन्मानाने बरोबर घेऊन अर्धवट गाडीपाशी न्यावे. त्यांचा सल्ला घेताना त्यांच्या वेळेचे मोलही द्यावे. वडीलधारे आहेत म्हणून फुकट राबवून घेणे शोभणारे नाही.

मोठ्या देशांतही हा छंद जुना आहे. अमेरिकेत ग्रेहाउंड कंपनीसाठी जनरल मोटर्सने १९५४ ते १९५६ या काळात बांधलेल्या दीडमजली सीनिक्रूझर गाड्या सेवेतून निघाल्यावर काही हौशी लोकांनी घेतल्या आणि त्यांतली कित्येक घरे झाली. तेथील मंडळी नाताळ आणि नववर्षाच्या शुभेच्छा एकमेकांना देतात, तशाच आपण दिवाळीच्या देतो. आपल्याकडे मात्र शुभेच्छा द्यायला माणूस प्रत्यक्ष घरी जातो आणि रिकाम्या हाताने जात नाही, ही आपली जुनी रीत आहे, आणि या छंदासाठी ती अतिशय उपयोगाची आहे.

गाड्या अर्धवट राहण्याचे एक कारण कायद्याविषयीची भीती हेही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल परस्पर करता येत नाही, त्यासाठी प्रादेशिक परिवहन कार्यालयाची मान्यता आणि नोंदणीपुस्तकात तशी नोंद लागते. विमा कंपनीलाही बदल कळवावा लागतो, नाहीतर अपघातानंतर भरपाईचा प्रश्न उभा राहतो. ‘आधी बांधू, मग पासिंगचे बघू’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांच्याच गाड्या पुढे अडकतात. दुसरे असे की, १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहत नाही आणि त्या अधिकृत केंद्रात मोडीत काढाव्या लागतात. एसटीची जुनी गाडी लिलावातून मिळेल या आशेवर थांबलेल्यांना हे कोणीतरी शांतपणे समजावून सांगितले पाहिजे, म्हणजे ते वेळीच दुसरी गाडी शोधतील. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले ही स्वागतार्ह बाब आहे, परंतु ते मुख्यतः पर्यटन व्यवसायासाठी आहे. स्वतःच्या कुटुंबापुरती एक बस बांधणाऱ्या माणसाला कोणता अर्ज, कोणत्या टप्प्यावर, कोणत्या नकाशासह द्यायचा, हे सोप्या मराठीत एका कागदावर मिळाले तर अनेकांची कोंडी फुटेल. सांगली, सातारा आणि कराड येथील परिवहन कार्यालयांनी दिवाळीनंतर एखादा दिवस केवळ यासाठी राखून ठेवावा, अशी माझी त्यांना नम्र विनंती आहे.

खानापूर, आटपाडी, तासगाव भागातील गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा करणारे, देशभरातून दिवाळीला गावी येतात. लांबचा प्रवास, मोठे कुटुंब आणि वाटेतल्या मुक्कामांची अडचण यामुळे त्यांच्यातही या छंदाची ओढ असलेली माणसे आहेत. ती गावात असतात ते हेच चार दिवस, तेव्हा अशा गाठीभेटींसाठी याहून चांगला काळ नाही. कोणाची बस कुठे उभी आहे हे आपल्याला ठाऊक असते. कामाची नावे मात्र आधी विचारून घ्यावीत, म्हणजे वेल्डिंगचे काम असेल तर वायरमनला आणि वायरिंगचे असेल तर वेल्डरला घेऊन जाण्याची वेळ येणार नाही. मालकाच्या परवानगीशिवाय अर्धवट गाडीची छायाचित्रे काढून पसरवू नयेत. त्याची तयारी होईल तेव्हा तो स्वतः दाखवील.

आपल्या वृत्तपत्राने दिवाळीच्या आठवड्यात या विषयाला थोडी जागा दिली आणि परिवहन कार्यालयाकडून वर लिहिलेल्या अर्जांची माहिती मिळवून छापली, तर ज्यांच्यापर्यंत आम्ही पोहोचू शकत नाही त्यांच्याही हाती ती पडेल. आपणांस, आपल्या वाचकांना, आगारांतील आणि कार्यशाळांतील सर्व कामगारांना, आणि ताडपत्रीखाली गाडी ठेवून बसलेल्या प्रत्येक छंदबांधवाला दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. विश्रामबागेपासून मिरजेपर्यंतच्या परिसरात कोणाला छताची पाण्याची चाचणी घ्यायची असेल, तर पाइप आणि शिडी माझ्याकडे आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक बसप्रेमी वाचक, सांगली