पूजा थांबवली नाहीत, त्याबद्दल आभार

आशाताई, नमस्कार.

धानोरा तालुक्यातल्या त्या सात वर्षांच्या मुलीची तुम्ही पाठवलेली दुसरी रक्तपट्टी, म्हणजे काचेवर घेतलेला रक्ताचा लेप, तपासली. मलेरियाचा एकही परजीवी दिसला नाही. हे तुम्हाला फोनवर कळवलंच आहे. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण तुम्ही जे केलंत त्याला आमच्या मासिक अहवालात रकाना नाही.

घरच्यांकडून कळलं ते असं. तुम्ही पोचलात तेव्हा पुजाऱ्याची पूजा सुरू होती. तुम्ही ती थांबवली नाहीत. "चालू द्या, तोवर मी बोटातून थेंबभर रक्त घेते," एवढंच म्हणालात. मलेरिया तपासायच्या किटवर निकाल दिसायला १५ ते २० मिनिटं लागतातच, तेवढ्यात पूजाही आटोपली. फाल्सिपेरमची, म्हणजे जीवघेण्या ठरू शकणाऱ्या मलेरियाची, रेघ उमटली. मग तुम्ही तिच्या वयोगटाच्या गोळ्यांचं हिरवं पाकीट फोडून पहिल्या गोळ्या आईच्या हाती न देता पुजाऱ्याच्या तळहातावर ठेवल्यात. "बाबा, तुमच्याच हातानं द्या."

ताई, या एका वाक्याने जे साधलं ते आमच्या भित्तिपत्रकांना इतक्या वर्षांत साधलेलं नाही. आधी एक साहेब त्याच गावात येऊन, सगळ्यांसमक्ष, त्याच पुजाऱ्याला अडाणी म्हणून गेले होते. त्याचा परिणाम एवढाच झाला की लोक ताप लपवायला लागले.

लोक पुजाऱ्याकडे का जातात, हे रक्तपट्टी बघणाऱ्याला तरी कळायला हवं. व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकाराचा ताप साधारण ४८ तासांनी उसळतो. आज हुडहुडी भरते, दोन गोधड्या पुरत नाहीत. उद्या तोच माणूस उठून बांधावर जातो. ताप चढला त्या संध्याकाळी पूजा झाली तर दुसऱ्या दिवशी बरं वाटणारच. पूजा लागू पडली, असं डोळ्यांना दिसतं. यात मूर्खपणा कुठे आहे? फाल्सिपेरम मात्र असं वेळापत्रक पाळेलच असं नाही. तो मेंदूपर्यंत गेला की झटके येतात, माणूस बरळतो, शुद्ध हरपते आणि घरच्यांना ती बाहेरची बाधा वाटते. दवाखान्याकडे धावायची वेळ तीच असते आणि नेमके तेच तास अंगणात जातात.

सुया टोचणाऱ्या भोंदू डॉक्टरचं तर बोलायलाच नको. या मुलीलाही आधी तिकडेच नेलं होतं. एक सुई, एक सलाईन आणि कागदात गुंडाळलेल्या नाव नसलेल्या गोळ्या. रक्त कुणी तपासलं नाही. सुईने ताप काही तास उतरतो, रक्तातले परजीवी वाढतच राहतात. पैसे घेऊन आजार लांबवणाऱ्या त्या माणसापेक्षा फुकट पूजा करणारा पुजारी मला बरा वाटतो.

पोरीने दहाव्या मिनिटाला गोळ्या ओकून टाकल्या, तेव्हा तुम्ही तिथेच बसलेल्या होतात म्हणून बरं. गोळ्या देऊन लगेच निघालं की हे कळतच नाही आणि कागदावर मात्र पहिला डोस 'दिला' असा राहतो. तुम्ही तिला १५ मिनिटं पडू दिलंत, घोटभर पेज पाजलीत आणि जुन्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या बाजूला टाकून नवं पाकीट फोडलंत. पुन्हा ओकली असती तर तो गंभीर मलेरिया धरून तिला तसंच पुढे न्यायचं, हेही तुम्ही गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

नंतरचे दोन दिवसही तुम्ही गेलात. पहिल्या दिवशी आर्टेसुनेट आणि एसपी (सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन) ही मलेरियाची औषधं, दुसऱ्या दिवशी आर्टेसुनेटसोबत प्रायमाक्विनच्या ७.५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, तिसऱ्या दिवशी फक्त आर्टेसुनेट. गाडं अडतं ते तिसऱ्या दिवशी. तोवर ताप उतरलेला असतो, पोर खेळत असतं आणि उरलेली गोळी 'पुढच्या तापाला होईल' म्हणून आढ्याला खोचून ठेवली जाते. व्हायवॅक्सला तर प्रायमाक्विन १४ दिवस घ्यायचं असतं. ते अर्ध्यावर सोडलं की यकृतात दडलेला परजीवी काही महिन्यांनी परत उठतो आणि लोक म्हणतात, सरकारी गोळ्यांत दम नाही. लघवी काळपट दिसली तर प्रायमाक्विन लगेच बंद करून दवाखान्यात यायचं, हे तुम्ही घरोघर सांगता. ते सांगणंही सोडू नका.

औषध संपल्यावर तुम्ही पुन्हा किट न लावता रक्तपट्टी पाठवलीत, याबद्दल माझ्यासारख्याने वेगळे आभार मानायला हवेत. फाल्सिपेरमचं किट परजीवी मेल्यावरही काही आठवडे रेघ दाखवत राहतं. ती रेघ घरच्यांनी पाहिली असती तर तुमच्यावरचा आणि त्या पुजाऱ्यावरचाही विश्वास उडाला असता. शिवाय तुमच्या पट्ट्या बघायला सोप्या असतात. जाड लेपाखाली छापील अक्षर ठेवलं तर वाचता येईल इतपतच जाडी, पातळ लेपावर पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक, मुंग्यांनी रक्त खाल्लेलं नाही. काही ठिकाणांहून पावसाळ्यात बुरशी धरलेल्या पट्ट्या येतात. त्यात परजीवी शोधायचा कुठे?

आता एक काम सांगतो. फवारणीची फेरी येते आहे. देवाची खोली लोक बंद ठेवतात आणि बाकीच्या भिंती फवारणी झाल्यावर सणाच्या आधी शेणामातीने सारवून घेतात. औषध त्या थराखाली जातं आणि भिंतीवर बसलेल्या डासाला काहीच होत नाही. सूचनापत्रं काढून झाली, उपयोग नाही. सारवण फवारणीच्या आधी उरकावं आणि देव तेवढ्यापुरते बाहेर काढून ती खोलीही फवारू द्यावी, हे पुजारीबाबांनी सांगितलं तर गाव ऐकेल. त्यांच्याशी बोलाल का?

काचपट्ट्या, बोट टोचायचे लॅन्सेट आणि हिरवी-पिवळी पाकिटं गुरुवारच्या गाडीने पाठवतो आहे. पाकिटांवरची मुदत बघून घ्या. किटं पत्र्याखाली ठेवू नका, उन्हाने खराब होतात. माठाशेजारी, पण कोरड्या जागी ठेवा.

तुमच्या रक्तपट्ट्या तपासणारा,
प्रयोगशाळा तंत्रज्ञ