नेतृत्व शिकवायचे, तर हिशेबाची वही हाती द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये मूल्याधिष्ठित नेतृत्व रुजावे म्हणून हल्ली व्याख्याने, शिबिरे आणि प्रमाणपत्रे यांची रेलचेल असते. हेतू चांगलाच आहे; परंतु अनेक वर्षे विद्यार्थी मंडळाचे काम जवळून पाहिलेली शिक्षिका म्हणून मला सांगावेसे वाटते, की मूल्य ठाऊक असणे आणि ऐनवेळी त्याप्रमाणे वागणे यांतील अंतराकडे या उपक्रमांत दुर्लक्ष होते.

जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे अंतर स्पष्ट दिसले. धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना भाषणासाठी दुसऱ्या इमारतीत पाठवले गेले आणि वाटेत एक माणूस कण्हत पडलेला होता. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थ्यांनी मदत देऊ केली, तर फार घाईत असलेल्यांपैकी केवळ १० टक्क्यांनी. काहींचे भाषण जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या माणसाच्या बायबलमधील गोष्टीवरच होते, तरी त्याने लक्षणीय फरक पडला नाही.

आपले विद्यार्थी पदाधिकारीही अशाच घाईत असतात. आमच्या मंडळाच्या एका खजिनदार विद्यार्थिनीने, कार्यक्रम दोन दिवसांवर असताना, जवळच्या मित्राच्या पावतीविना खर्चाला मंजुरी नाकारली आणि त्यापायी महिनाभर साऱ्या गटाचा अबोला सोसला. तिचे बरोबर होते, हे सर्वांना कळत होते. तिच्या बाजूने बोलावे कसे, हे मात्र कोणालाच, काही अंशी मलाही, सुचले नाही. ही उणीव मला आजही बोचते.

त्यानंतर आम्ही प्रत्येक बैठकीच्या अखेरीस थोडा वेळ राखून ठेवला. या आठवड्यात कोणाला नाही म्हणणे जड गेले, पुन्हा तशी वेळ आली तर नेमके कोणते शब्द वापराल, हे मुले एकमेकांसमोर मोठ्याने बोलून पाहत. सुरुवातीला ती संकोचत, पुढे वाद घालू लागली, आणि मला तो वादच सर्वांत मोलाचा वाटला.

म्हणून महाविद्यालयांना विनंती आहे, की मंडळाच्या निधीचा कारभार खऱ्या अर्थाने विद्यार्थ्यांकडे सोपवावा, जमाखर्च सूचनाफलकावर लावावा, चूक झाल्यास पद काढून घेण्याऐवजी ती सर्वांसमोर मांडून दुरुस्त करू द्यावी, आणि पदे दरवर्षी फिरती ठेवावीत, म्हणजे मागच्या बाकावरच्या अबोल विद्यार्थ्याच्या हातीही ती वही येईल.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका