जो म्हणजे मीच

शिकागो, 8 फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू मध्येच गप्प झालीस. मागून कुणीतरी "जो!" अशी हाक मारली आणि मी "आले" म्हणून उठले. तू हळूच विचारलंस, "जो म्हणजे? पाळण्यातलं जो जो?" तेव्हा मी विषय बदलला. बाबा स्पीकर लावतात, सगळं घर ऐकतं. म्हणून हे पत्र, फक्त तुला.

तब्येत छान आहे. घरात हीटर चोवीस तास चालू असतो, जेवण वेळेवर होतं, मेथीसुद्धा मिळते. वजन कमी दिसतं ते फोनच्या कॅमेऱ्यामुळे.

माझ्याकडे व्यायामाला येणारी माणसं ऐंशीच्या पुढची. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाचं खुब्याचं हाड मोडलेलं. पहिलं पाऊल टाकताना भीती वाटते, तेव्हा हाक मारायला त्यांना छोटं नाव लागतं. एक आजी आठ दिवस 'ज्योत्स्ना' म्हणायचा प्रयत्न करत होत्या, शेवटी 'जो'वर थांबल्या. चालेल, असं मीच म्हटलं. माझं नाव कुणी हिसकावून घेतलेलं नाही, आई.

आणि तू कुमुद होतीस ना? सांगलीहून आलीस, ताटात तांदूळ पसरले, बाबांनी अंगठीने 'वैजयंती' लिहिलं, आणि दांडिया बाजारातल्या घरात त्या दिवसापासून तुला कुणी कुमुद म्हटलं नाही. भाजीवाल्याशी गुजरातीत भाव करायलाही तू इथेच शिकलीस. (बघ, 'इथेच' लिहिलं. अजून बडोदा लिहिताना 'इथे'च येतं.) मामा फोनवर "कुमे" म्हणतो तेव्हा तुझा आवाज बदलतो, तो मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं ते एका कादंबरीमुळे. इथल्या ग्रंथालयातून आणली, भारती मुखर्जींची 'जॅस्मिन', 1989 सालची. ग्रंथालयात शिरले की मला आपली मांडवीची सेंट्रल लायब्ररी आठवते. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं होतं. तोही असाच घर सोडून, उलट्या दिशेने आला असेल. असो. कादंबरीतली ज्योती पंजाबातल्या हसनापूरची. वडाखालचा जोशी लहानपणीच तिचं भविष्य सांगतो: वैधव्य आणि परदेश. ती त्याला खोटं ठरवायला जाते, तो मारतो, ती पडते आणि कपाळावर खोक पडते. त्या व्रणाला ती तिसरा डोळा म्हणते. पुढे नवरा तिला जॅस्मिन करतो, तो बॉम्बस्फोटात जातो, मग न्यूयॉर्कमध्ये ती जेस होते, आयोवात जेन. दोन रात्री झोपले नाही. जोशीबुवांनी माझ्या पत्रिकेत सांगितलेला परदेशगमनाचा योग तू अजून मनाला लावून घेतेस, पाठवायला नको होतं म्हणतेस. मला ग्रहांनी नाही पाठवलं, आई. मी अर्ज भरला, तू माझी बॅग भरलीस. त्या जॅस्मिनला वाटतं, नवं व्हायचं तर जुनीला मारावंच लागतं. मला हे अजिबात पटलं नाही. कुमुद मेलेली नाही. मी तिला रोज पाहिलं आहे.

बाबांना इथली खुर्चीची गोष्ट सांग, त्यांना आवडेल. खूप बर्फ पडला की रस्त्याकडेला लावलेली गाडी गाडली जाते. फावड्याने उकरून काढायला दीड-दोन तास लागतात, कंबर मोडते. गाडी बाहेर काढली की ती साफ झालेली जागा दुसऱ्याने बळकावू नये म्हणून लोक तिथे जुनी खुर्ची ठेवून जातात. खुर्ची नसेल तर बादली, इस्त्रीचं टेबल, काहीही. संध्याकाळी परत येईपर्यंत त्या जागेला कुणी हात लावत नाही. कायद्यात याला आधार नाही, तरी सगळे पाळतात. याला 'डिब्स' म्हणतात. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसंच, फक्त दिवसच्या दिवस. माझी एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची आहे, एका पायाला भेग गेलेली. आत्ता हे लिहिताना ती खिडकीतून दिसते आहे, मांडीभर बर्फ घेऊन.

आता जे सांगायचं टाळत होते ते. रागावू नकोस. गेल्या दिवाळीला "रजा नाही" म्हटलं ते खोटं होतं. जिथे काम करत होते ती जागा बंद झाली होती. माझ्या व्हिसावर नोकरी गेली की दुसरी शोधायला 60 दिवस मिळतात. ती 52व्या दिवशी मिळाली. तेवढे दिवस मी रोज फोनवर तुला फराळाचं विचारत होते आणि तू चकली बिघडल्याचं सांगत होतीस. तुझी ती चकली ऐकूनच मी दिवस काढले. आता सगळं ठीक आहे, अगदी खरं.

गच्चीच्या कामाचे आणि धाकटीच्या लग्नाच्या हॉलच्या आगाऊचे पैसे सोमवारी खात्यात येतील. गच्ची पावसाआधीच करून घ्या. दागिन्यांना हात लावू नका, तुझ्या पाटल्यांना तर मुळीच नाही. आत्या माझ्यासाठी सांगलीचं स्थळ म्हणते, तिला सध्या नको म्हणून सांग, फोटो पाठवू नकोस म्हणावं. धाकटीच्या सासरच्यांना तांदळात नाव लिहायचं असेल तर आधी तिला विचारा, तिला कोणतं नाव हवं ते. तुला कुणी विचारलं नव्हतं.

मे महिन्यात यायचं नक्की ठरवलं आहे. पण परतताना पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का लागेल आणि त्यासाठी मुंबईच्या मुलाखतीची तारीख अजून मिळालेली नाही. मिळेल. धाकटीला इतक्यात काही बोलू नकोस. मांडवात पहिल्या ओळीत माझ्यासाठी एक खुर्ची मात्र धरून ठेव, कुणी बसलं तर उठव.

तुझी
ज्योत्स्ना

ता. क. लीलो चिवडो पाठवू नकोस, मागचाच अजून आहे. संपू देत नाही मी.